उशिराची कामे आधी: वैद्यकीय उपकरण लवकर घडवायचे तर

पुण्याच्या मायलॅब कंपनीने कोरोनाच्या आरटी-पीसीआर तपासणीचा पहिला भारतीय संच सुमारे सहा आठवड्यांत तयार केला. मिनल दाखवे-भोसले यांच्या चमूने १८ मार्च २०२० रोजी तो पुण्यातल्याच राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे मूल्यमापनासाठी दिला आणि आठवडाभरात परवानगी हाती आली. तेव्हापासून एक समज आपल्याकडे घट्ट बसला आहे. संकटात नियम सैल झाले म्हणून काम झपाट्याने झाले, तेव्हा नियम कायमचे सैल केले तर उपकरणेही कायम झपाट्याने येतील, असा तो समज. घटना नीट पाहिल्या तर वेगळेच दिसते. मायलॅबकडे एचआयव्ही आणि हिपॅटायटिसच्या तपासणी संचांचा अनुभव आधीपासून होता आणि निकाल देणारी संस्था त्याच शहरात होती. गोव्याच्या मोलबायो कंपनीचे ट्रूनॅट हे यंत्र तर याहून बोलके उदाहरण आहे. बॅटरीवर चालणारे हे छोटे यंत्र क्षयरोगाच्या निदानासाठी घडले आणि त्यामागे बंगळुरूच्या बिगटेक प्रयोगशाळेचे दशकाहून अधिक काळाचे काम होते. कोरोना आला तेव्हा ते क्षयरोग केंद्रांत पोचलेले होते, तंत्रज्ञांचा हात त्यावर बसलेला होता. नवी घडवायची होती ती फक्त कोरोनाची चाचणी. एप्रिल २०२० मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) यंत्रावरच्या या चाचणीला मान्यता दिली. बाहेरून जे काही आठवड्यांचे काम दिसले ते अनेक वर्षे आधी करून ठेवलेल्या कामाचे फळ होते.

यातून एक गोष्ट हाती लागते आणि हा सगळा लेख तिच्याच भोवती आहे. वैद्यकीय उपकरणाला लागणारा वेळ चाचणीत फारसा जात नाही; तो जातो पुढे गेलेल्या कामावरून मागे परतण्यात. बुलढाणा जिल्ह्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतले शिक्षक आणि विद्यार्थी, सरकारी आणि खासगी डॉक्टर, खामगाव-मलकापूरच्या औद्योगिक वसाहतींतले छोटे कारखानदार यांच्यापैकी ज्यांना या क्षेत्रात काही करायचे आहे, त्यांनी सर्वांत आधी हा परतीचा प्रवास कुठे घडतो ते समजून घ्यावे. साधारण क्रम असा असतो: शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी आधी सेन्सर ठरतो, मग त्याला साजेसा आजार शोधला जातो. नमुना तयार झाल्यावर तो डॉक्टरांना दाखवला जातो. डॉक्टर सांगतात की हे स्पिरिटने पुसता येत नाही, हातमोजे घालून बटण दाबता येत नाही, आणि मुळात ही मोजणी आमच्या कुठल्याच निर्णयात उपयोगी पडत नाही. काम पुन्हा पहिल्या पायरीवर येते. त्यातून कोणी पुढे गेलेच तर विद्युतसुरक्षेच्या चाचणीत उपकरण नापास होते, कारण त्यातला वीजपुरवठ्याचा सुटा भाग ऑनलाइन दुकानातून आणलेला असतो. पुन्हा मांडणी बदला. मग परवान्यासाठी कागद मागितले जातात. आराखडा कधी बदलला, का बदलला, धोक्यांचा विचार केव्हा केला याची नोंदच नसते. दोन-तीन वर्षे अशी जातात, विद्यार्थी नोकरीला लागतो आणि नमुना कपाटात राहतो. यात चाचणीने खाल्लेला वेळ किती? फार थोडा. जी कामे शेवटी करायची म्हणून ठेवली होती, ती सुरुवातीला केली असती तर यातल्या बहुतेक फेऱ्या टळल्या असत्या. उपकरणनिर्मितीच्या ज्या नव्या पद्धतींची जगभर चर्चा असते त्यांची नावे वेगवेगळी असली, तरी त्यांतल्या बहुतेकींचा गाभा हाच आहे: उशिराची कामे आधी आणा आणि जी एकमेकांवर अवलंबून नाहीत ती एकाच वेळी चालू द्या.

पहिले काम गरज ओळखण्याचे, आणि इथे बुलढाण्याकडे पुण्या-मुंबईपेक्षा अधिक काही आहे. जिल्ह्याचे दोन भाग आपण रोजच्या बोलण्यात करतोच: घाटावरचा आणि घाटाखालचा. बुलढाणा शहर अजिंठ्याच्या रांगेवर, हवा त्यामानाने सौम्य. मलकापूर, नांदुरा, शेगावकडे उतरले की उन्हाळ्यात अंगाची लाही होते. त्याच घाटाखालच्या भागात पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा आहे. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव, नांदुरा या तालुक्यांतली कितीतरी गावे पिढ्यान्‌पिढ्या खारे पाणी पीत आली आणि मूत्रपिंडाच्या आजाराची भीती तिथल्या घराघरांत आहे. या आजाराचे वैद्यकीय वैशिष्ट्य उपकरण घडवणाऱ्याने नीट समजून घ्यायला हवे. मूत्रपिंड सुरुवातीला दुखत नाही, तक्रार करत नाही. रक्तातले क्रिएटिनिन ठळकपणे वाढलेले दिसते तेव्हा निम्म्याच्या आसपास कार्यक्षमता गेलेली असू शकते. लघवीतून अल्ब्युमिन जाणे हे त्याआधीचे चिन्ह ठरू शकते, पण ते तपासायला माणूस निरोगी वाटत असतानाच तपासणी व्हावी लागते. मग गरज कशी मांडायची? ‘क्रिएटिनिन मोजणारे स्वस्त यंत्र हवे’ असे लिहिले की चूक झालीच, कारण वाक्यात उत्तर आधीच घुसले. ‘खारपाणपट्ट्यातल्या उपकेंद्रावर येणाऱ्या तिशीपुढच्या, लक्षणे नसलेल्या माणसाच्या मूत्रपिंडाला धोका आहे की नाही हे समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला त्याच भेटीत ठरवता यावे, म्हणजे पुढे पाठवायच्या माणसाची मजुरी विनाकारण बुडणार नाही,’ असे लिहिले की कोणासाठी, कुठे, कोणाच्या हातून आणि कोणता बदल घडायला हवा हे चारही मुद्दे येतात आणि उत्तर मोकळे राहते. ते उत्तर कदाचित लघवीची पट्टी वाचणारे साधन असेल, कदाचित नमुना थंड ठेवून तालुक्याला पोचवणारी पेटी असेल. स्टॅनफर्ड विद्यापीठात २००१ मध्ये सुरू झालेल्या बायोडिझाइन कार्यक्रमाने जगाला शिकवलेला मुख्य धडा हाच, की गरजेचे वाक्य पक्के होईपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. आणि एक सांगायलाच हवे: खाऱ्या पाण्यावरचा खरा इलाज गोडे पाणी हाच आहे. वान धरणावरून १४० गावांना पाणी पुरवण्याच्या योजनेला कोणतेही तपासणी यंत्र पर्याय होऊ शकत नाही. उपकरणाने आपली जागा ओळखून असावे. ते रोग लवकर दाखवेल, पाणी बदलणार नाही.

खारे आणि जड पाणी माणसांप्रमाणे यंत्रांनाही सोसत नाही, ही बाब इथल्या तंत्रज्ञांना ठाऊक आहे आणि बाहेरच्या आराखडाकाराला सहसा सुचत नाही. निर्जंतुकीकरणाच्या ऑटोक्लेव्हमध्ये क्षार साठतात, डायलिसिससाठी पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेचे पडदे लवकर चोंदतात, ऑक्सिजनसोबत वापरायच्या ह्युमिडिफायरच्या बाटलीत पांढरा थर बसतो. तपासणीच्या अनेक पट्ट्यांवर ३० अंशांखाली साठवण्याची सूचना असते. मे महिन्यात पंखाही न चालणाऱ्या खोलीत ती कशी पाळायची? जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले तेव्हा कारण शोधायला बाहेरून तज्ज्ञांची पथके यावी लागली, नमुने बाहेर न्यावे लागले आणि गावकरी उत्तराची वाट पाहत राहिले. पाणी, धान्य, रक्त यांची पहिली विश्वासार्ह तपासणी जिल्ह्यातच होऊ शकली असती तर ती वाट किती कमी झाली असती, हा प्रश्नसुद्धा एका गरजेच्या वाक्याचे बीज आहे. अशा गरजांची यादी करायला मोठा निधी लागत नाही. वैद्यकीय अधीक्षकांची लेखी परवानगी घ्या, आणि बाह्यरुग्ण विभागात, प्रसूतिकक्षात, प्रयोगशाळेत, १०८ रुग्णवाहिकेच्या थांब्यावर शांतपणे बसून पाहा. डॉक्टरांइतकेच सिस्टरांना, प्रयोगशाळा तंत्रज्ञांना, आशाताईंना विचारा. ‘तुम्हाला काय हवे?’ या प्रश्नाला फारसे उत्तर मिळत नाही. ‘हे बंद पडले की तुम्ही काय करता?’ असे विचारले की माणसे बोलू लागतात, आणि त्यांनी स्वतःच शोधलेली जुगाडे समोर येतात. जिथे जुगाड आहे तिथे गरज खरी आहे.

डॉक्टर आणि अभियंता यांना पहिल्या दिवसापासून एका टेबलाशी बसवण्याचा महाराष्ट्रातला भक्कम प्रयोग म्हणजे बेटिक. आयआयटी मुंबईत प्रा. बी. रवी यांच्या पुढाकाराने २०१४ मध्ये राज्याच्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या पाठबळावर हे केंद्र उभे राहिले आणि पुण्याचे सीओईपी, नागपूरचे व्हीएनआयटी अशा संस्था त्याच्या जाळ्यात आल्या. त्यातून पुढे आलेल्या आयु डिव्हायसेसचे साधन पाहण्यासारखे आहे. नव्या स्टेथोस्कोपऐवजी त्यांनी डॉक्टरांच्या हातातल्या जुन्याच स्टेथोस्कोपला जोडता येणारे छोटे साधन केले, जे हृदयाचे आणि फुप्फुसांचे आवाज मोठे करते आणि ब्लूटूथवरून पाठवते. कोरोनाच्या काळात पीपीई घातलेल्या डॉक्टरांना कानात नळ्या घालता येत नव्हत्या, तेव्हा दुरून आवाज ऐकण्याची ही सोय कामी आली. डॉक्टरांची सवय न मोडता त्यात एक भर घालणे हा वेग वाढवण्याचा मोठा मार्ग आहे, कारण नवी सवय लावण्यात उपकरण घडवण्याहून जास्त वर्षे जाऊ शकतात. आता बुलढाण्याची स्थिती पाहा. शेगावचे श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ पासून आहे, चिखलीत अनुराधा आणि मलकापुरात कोलते महाविद्यालय आहे. चिखलीला औषधनिर्माणशास्त्राचेही शिक्षण आहे. २०२४ मध्ये राज्यात जी दहा नवी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये मंजूर झाली त्यांत १०० जागांचे बुलढाण्याचे महाविद्यालय आहे. अकोल्याचे जुने शासकीय वैद्यकीय महाविद्यालय शेगावपासून जवळ. सगळे घटक एका दिवसाच्या प्रवासात आहेत. त्यांच्यामध्ये एक सामंजस्य करार आणि महिन्यातून ठरलेला एक दिवस, एवढीच कमतरता आहे. नवे महाविद्यालय अजून घडते आहे, तोवरच हा दिवस वेळापत्रकात बसवून घ्यावा. वेळापत्रक एकदा गच्च झाले की त्यात फट सापडत नाही.

दुसरे उशिराचे काम कायद्याचे. वैद्यकीय उपकरण नियम २०१७ हे १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले. आधी मोजक्याच उपकरणांवर असलेले नियंत्रण १ एप्रिल २०२० पासून सर्व उपकरणांकडे वळले आणि निदान सुचवणारे सॉफ्टवेअरही त्यात आले. उपकरणे धोक्यानुसार अ, ब, क, ड अशा चार वर्गांत मोडतात. जीभ दाबायची पट्टी अ वर्गात, इंजेक्शनची सुई ब वर्गात, व्हेंटिलेटर क वर्गात आणि हृदयाची कृत्रिम झडप ड वर्गात येते. अ आणि ब वर्गांच्या उत्पादनाचा परवाना राज्याचे अन्न व औषध प्रशासन देते, क आणि ड साठी केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेकडे जावे लागते. हे तक्ते पाठ करण्यापेक्षा एक गोष्ट ध्यानात ठेवा: वर्ग ठरतो तो उपकरणाच्या उद्दिष्टाच्या वाक्यावरून. ‘डॉक्टरांकडे पाठवण्याजोगी माणसे ओळखणे’ आणि ‘आजाराचे निदान करणे’ या दोन दाव्यांना लागणारा पुरावा सारखा नसतो, आणि दुसऱ्या दाव्याची गरज नसताना तो हौसेने लिहिला की चाचण्या, खर्च आणि वर्षे वाढतात. म्हणून उद्दिष्टाचे वाक्य पहिल्याच आठवड्यात लिहा, ते जितके नेमके आणि माफक तितके बरे. चाचणीसाठी थोडी उपकरणे बनवायची असली तरी एमडी-१२ अर्ज करून एमडी-१३ परवाना घ्यावा लागतो; नव्या उपकरणाच्या रुग्णांवरील अभ्यासाला वेगळी परवानगी लागते. दर्जा व्यवस्थापनाचा आयएसओ १३४८५ आणि धोका व्यवस्थापनाचा आयएसओ १४९७१ ही मानके कारखाना उभा राहिल्यावर पाहू, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात पहिल्या रेखाटनापासून तारखेनिशी वही ठेवली, प्रत्येक बदलाचे कारण दोन ओळींत लिहिले आणि ‘हे चुकले तर रुग्णाला काय होईल’ याचा तक्ता वाढवत नेला, की त्या मानकांचे निम्मे ओझे उतरते. वाट समजत नसेल तर आयसीएमआर आणि केंद्रीय नियंत्रण संघटनेच्या सहभागाने २५ डिसेंबर २०२३ रोजी सुरू झालेला मेडटेक मित्र हा मंच नवउद्योजकांना नियम आणि वैद्यकीय मूल्यमापन या दोन्हींत मार्गदर्शन करतो. दलालाला पैसे देण्याआधी तिथे अर्ज करा.

पेटंटबाबत आपल्या महाविद्यालयांत होणारी चूक वेगळी सांगायला हवी. प्रकल्प आधी ‘आविष्कार’सारख्या स्पर्धेत मांडला जातो, महाविद्यालयाच्या नियतकालिकात छापून येतो, आणि मग कोणाला तरी पेटंट आठवते. तोवर नावीन्याचा दावा अडचणीत येतो. तात्पुरता तपशील आधी दाखल करावा, मग बारा महिन्यांत पूर्ण तपशील द्यावा. मधल्या काळात स्पर्धा, प्रदर्शन, निबंध सगळे करता येते. शैक्षणिक संस्थांना शुल्कात मोठी सवलत आहे. क्रम बदलण्यास एक पैसाही लागत नाही, तरी वर्ष वाचते.

तिसरे काम तांत्रिक चाचण्यांचे. विजेवर चालणाऱ्या वैद्यकीय उपकरणांसाठी आयईसी ६०६०१ हे मानक आहे. पूर्ण उपकरण तयार झाल्यावर त्याची पहिली चाचणी करणे म्हणजे घर बांधून झाल्यावर पाया तपासण्यासारखे आहे. नमुना अर्धवट असतानाच विद्युतगळती आणि विद्युतचुंबकीय त्रास यांची प्राथमिक तपासणी करून घ्या. मुंबईत समीरसारख्या सरकारी संस्था हे काम करतात आणि विशाखापट्टणमच्या आंध्र प्रदेश मेडटेक झोनमध्ये चाचणीची मोठी व्यवस्था एका आवारात आहे. वीजपुरवठ्याचा भाग, बॅटरी, जोडण्या हे वैद्यकीय वापरासाठी आधीच प्रमाणित असलेले विकत घ्या. ते महाग पडतात, पण तेच घरी करण्याच्या नादात गेलेले महिने अधिक महाग असतात. त्रिमितीय मुद्रणाने दोन दिवसांत बाह्य आकार हाती येतो आणि सिस्टरांच्या हातात देऊन बघता येतो. शरीराला लागणारा भाग मात्र कोणत्या कच्च्या मालाचा, कोणत्या पुरवठादाराचा, कोणत्या खेपेचा याची साखळी दाखवता यायला हवी, हे खामगाव किंवा चिखलीच्या वर्कशॉपला पहिल्याच ऑर्डरच्या वेळी लिहून द्या. कोरोनाकाळात पुण्याच्या नोक्कार्क रोबोटिक्सने आयआयटी कानपूरच्या साथीने सुमारे ९० दिवसांत व्हेंटिलेटर उभा केला. सौर पॅनल साफ करणारे यंत्रमानव बनवणाऱ्या तरुणांची ही कंपनी. त्यांच्या पाठीशी डॉक्टर, उद्योजक, पुरवठासाखळीचे जाणकार असा गट रोज बसत होता आणि आराखडा, सुटे भाग, चाचणी, उत्पादन ही कामे एकामागून एक न होता एकदम पुढे सरकत होती. हा धडा शांततेच्या काळातही लागू आहे. पुण्याच्याच जीवट्रॉनिक्सने हाताने फिरवून भारित करता येणारे डिफिब्रिलेटर केले. वीज नसलेल्या ठिकाणाचा विचार त्यांनी आराखड्याच्या मुळाशीच ठेवला. नंतर बॅटरी जोडू, असे म्हटले नाही. बुलढाण्यातल्या चमूने आपला नमुना एक उन्हाळा घाटाखाली आणि एक पावसाळा घाटावर चालवून पाहिला तर देशातल्या फार मोठ्या भागातल्या हवामानाची परीक्षा जिल्ह्यातच होते.

यावर गंभीर आक्षेप येतात, आणि ते टाळून पुढे जाणे बरोबर होणार नाही. पहिला आक्षेप: वेगाच्या मागे लागले की सुरक्षितता जाते. हा आक्षेप इतिहासाला धरून आहे. एप्रिल २०२० मध्ये परदेशातून आणलेले कोरोना प्रतिपिंडांचे झटपट तपासणी संच राज्यांत वाटले गेले. राजस्थानने त्यांची अचूकता अवघी ५.४ टक्के भरल्याचे कळवले, आयसीएमआरला वापर थांबवायला सांगावे लागले आणि त्याच महिन्यात संच परत करण्याचा निर्णय झाला. घाईने वाचवलेले दिवस असे दामदुपटीने गेले. बाजारात असलेल्या उपकरणाशी साम्य दाखवून परवानगी घेण्याची वाट वेळ वाचवते, पण याच वाटेने अमेरिकेत आलेला एएसआर हा कृत्रिम खुब्याचा सांधा २०१० मध्ये जगभरातून परत मागवावा लागला. भारतातही तो हजारो रुग्णांना बसवलेला होता. आणि चाचणी कोणावर झाली हेही महत्त्वाचे असते. पल्स ऑक्सिमीटर हे किती वर्षांचे, किती विश्वासाचे साधन! डिसेंबर २०२० मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या अभ्यासाने दाखवले, की अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये त्याने ऑक्सिजनची धोकादायक घट न दाखवण्याचे प्रमाण गोऱ्या रुग्णांच्या जवळजवळ तिप्पट होते. आपल्या शेतांत उन्हात काम करणाऱ्या माणसांच्या त्वचेवर, कामाने जाड झालेल्या बोटांवर साधन तपासले आहे का, हा प्रश्न विचारणे म्हणूनच वेगाच्या आड येत नाही. तो प्रश्न उशिरा विचारला तर उपकरण माघारी येते आणि मधल्या काळात माणसे जातात. माझे म्हणणे चाचण्या कमी करा असे कुठेच नाही. त्या लवकर, लहान टप्प्यांत आणि योग्य माणसांसोबत करा, असे आहे.

दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो: गरीब जिल्ह्यातले रुग्ण हे प्रयोगाचे साधन होतील. २०१० मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातेत मुलींवरचा एचपीव्ही लशीचा प्रकल्प थांबवावा लागला. वसतिगृहातल्या मुलींच्या संमतीपत्रांवर अधीक्षकांच्या सह्या असल्याचे पुढे आले. ती लस होती, उपकरण नव्हते, पण धडा तोच. संमतीपत्र मराठीत आहे एवढ्याने भागत नाही. ते वऱ्हाडी बोलणाऱ्या, अक्षरओळख नसलेल्या आजीला समजले का, हे पाहिले पाहिजे, आणि नाही म्हटल्याने उपचारात काही कमी होणार नाही याची तिला खात्री पटली पाहिजे. नोंदणीकृत नैतिकता समितीची मान्यता, अभ्यासाची राष्ट्रीय नोंदणी, इजा झाल्यास भरपाईची तरतूद या गोष्टींना पर्याय नाही. त्यांत वेळ जातो असे म्हणणाऱ्यांनी समितीच्या बैठकीची तारीख आधी विचारून घ्यावी आणि नमुना चालू असतानाच अर्ज तयार करावा. बहुतेक दिरंगाई अपुऱ्या अर्जामुळे होते. पहिल्या टप्प्यावर रुग्णाला धोका न देणारी साधी रचनाही आहे: नेहमीची तपासणी होऊ द्या, तिच्या शेजारी नव्या साधनाची मोजणी नोंदवा, पण उपचार जुन्याच मोजणीवर ठरू द्या. दोन्ही आकडे जुळतात का ते आधी समजते आणि कोणाच्याही उपचारात ढवळाढवळ होत नाही. किती रुग्ण पुरतील हे संख्याशास्त्रज्ञाला सुरुवातीलाच विचारा. गोळा केलेली आकडेवारी अपुरी ठरली तर ती पुन्हा गोळा करणे हा त्या रुग्णांवरही अन्याय आहे.

तिसरा आक्षेप असा, की हे सारे महानगरांचे काम. जिल्ह्याने फार तर वापरकर्ता व्हावे. याला विदर्भातच उत्तर आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी बाळांचा न्यूमोनिया गावातच ओळखण्यासाठी श्वासमापक घडवला: एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मण्यांची पाटी. ज्या दाईला मोठे आकडे मोजता येत नव्हते तीही मणी सरकवून श्वास वेगाने चालला आहे की नाही हे सांगू शकत होती. १९९२ मध्ये त्यावरचा निबंध प्रसिद्ध झाला. पुढे गावातल्या आरोग्यदूत स्त्रियांनी घरोघरी नवजात बालकांची काळजी घेतल्याने अभ्यासातल्या ३९ गावांत नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आले आणि जगाने त्याची दखल घेतली. त्या उपकरणात एकही महागडा भाग नव्हता. वापरणारी कोण, तिला काय येते, ती कुठे बसते हे सर्व आधी माहीत होते. असे ज्ञान महानगरातल्या प्रयोगशाळेला विकत मिळत नाही.

उरतो तो आक्षेप मात्र मला पूर्ण मान्य आहे: आहेत ती यंत्रे बंद पडून असताना नवी कशाला? २०१५ च्या सुमारास देशभरातल्या सरकारी आरोग्य संस्थांतल्या उपकरणांची मोजदाद झाली तेव्हा राज्यागणिक १३ ते ३४ टक्के यंत्रे नादुरुस्त आढळली. म्हणून नवागतांनी सुरुवात दुरुस्तीपासून करावी, असे मी आग्रहाने सुचवेन. आपल्या तालुक्यातल्या ग्रामीण रुग्णालयात कोणते यंत्र कशामुळे थांबले आहे याची एक सत्राची नोंद, वैद्यकीय अधीक्षकांच्या संमतीने, विद्यार्थ्यांना करता येईल. कुठे फ्यूज, कुठे क्षारांचा थर, कुठे न मिळणारा सुटा भाग, कुठे शिकवलेला कर्मचारी बदलून गेलेला. यातले प्रत्येक कारण पुढच्या आराखड्याची एक अट होते. बदलता येणारी गाळणी, स्थानिक बाजारात मिळणारी बॅटरी, मराठीतल्या सूचना, वर्षाच्या देखभालीचा किमतीत धरलेला खर्च या गोष्टी कागदावर छोट्या दिसतात, पण उपकरण रुग्णालयात टिकते ते त्यांच्यामुळे.

पैशांची आणि खरेदीची तजवीजसुद्धा उशिराच्या कामांतच मोडते, आणि तीच सर्वांत जास्त विसरली जाते. केंद्राच्या बायरॅक संस्थेचे बिग अनुदान कल्पनेपासून नमुन्यापर्यंत ५० लाख रुपयांपर्यंत, १८ महिन्यांसाठी मिळू शकते. पुण्याचे व्हेंचर सेंटर अशा अर्जदारांना सांभाळणाऱ्या जुन्या केंद्रांपैकी एक आहे. महाराष्ट्र स्टार्टअप सप्ताहात निवडलेल्या उद्योगांना शासकीय विभागांकडून प्रायोगिक कामाचे आदेश मिळतात. जिल्हा वार्षिक योजनेत नावीन्यपूर्ण योजनांसाठी तरतूद असते. त्यासाठी प्रस्ताव आर्थिक वर्ष संपत आल्यावर नेऊन उपयोग नाही, जिल्हा शल्यचिकित्सक आणि जिल्हा आरोग्य अधिकारी यांच्याशी पावसाळ्यातच बोलणी सुरू व्हायला हवीत. त्यांना विचारायचा प्रश्न एकच: हे साधन तुमच्या कोणत्या खरेदीच्या शीर्षात बसेल, आणि बसत नसेल तर त्यासाठी कोणता पुरावा लागेल? उत्तरात जो पुरावा सांगितला जाईल तो पहिल्या अभ्यासातच गोळा करता येतो. आणि उपकरण केंद्रात पोचल्यावर त्याच्यासोबत एक कागद चिकटवलेला असावा: बिघाड किंवा इजा झाली तर कोणाला, किती तासांत कळवायचे. उपकरणांमुळे होणाऱ्या अपायांवर लक्ष ठेवणाऱ्या, जुलै २०१५ पासून चालू असलेल्या भारतीय मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रमाकडे अशी घटना कोणताही डॉक्टर, सिस्टर किंवा रुग्ण कळवू शकतो, निर्मात्याला तर ते करावेच लागते. पहिल्या दहा केंद्रांतून आलेल्या तक्रारी महिन्याच्या ठरलेल्या दिवशी, त्याच डॉक्टर-अभियंत्यांच्या बैठकीत, सर्वांत आधी वाचल्या जाव्यात, आणि पुढच्या खेपेतले बदल त्या वाचून झाल्यावरच ठरावेत.